रोही पाहायला नागपूरला कशाला जायचं?

गेल्या अंकात या सदरात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या. दिवाळीच्या सुटीत नातीला घेऊन नागपूरच्या महाराजबागेत, म्हणजे तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेलो आणि चितळापुढे आम्ही दोघं अर्धा तास उभे राहिलो, एवढंच. त्यावर पत्रांचा ढीग आला. एरवी या सदरात गाभण गाय, लाळ्या-खुरकूत आणि आटलेलं दूध यांच्या पलीकडे विषय जात नाही. म्हणून या वेळी गोठा बाजूला ठेवून फक्त महाराजबागेचीच पत्रं घेतली आहेत. बरेच जण मला डॉक्टर म्हणून लिहितात. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, चौतीस वर्षं, वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत. वाघ-अस्वलांवर मी कधी उपचार केलेले नाहीत. इथं लिहितो ते गुरं पाहण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या नजरेनं.

प्रश्न : साहेब, आमचं वावर जंगलाला लागून आहे. रोह्यांनी (नीलगायींनी) यंदाही हरभरा ठेवला नाही. रात्र रात्र जागलीला जातो. आता पोट्टे महाराजबागेचा हट्ट धरून बसले आहेत. तिथं रोहीच पाहायचा ना? तो तर आमच्या बांधावर फुकट दिसतो. बसभाडं खर्चून कायले जावं?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : दादा, तुमचा राग खरा आहे. हरभरा घाट्यावर आला की रोह्यांचा कळप एका रात्रीत काय करून जातो, ते मी सकाळी जाऊन पाहिलेलं आहे. पण मला सांगा, तुम्हाला रोही दिसतो म्हणजे काय दिसतं? टॉर्चच्या उजेडात चमकलेले डोळे, पळती पाठ आणि सकाळी ओल्या मातीत उमटलेली खुरं. चरून निवांत बसलेला, रवंथ करणारा रोही दहा पावलांवरून पाहिलाय कधी? मीही नोकरीची बारा वर्षं होईपर्यंत पाहिला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तो महाराजबागेतच.

त्या दिवशी मला जे कळलं ते असं. कोणी त्याला घोडरोज म्हणतं, कोणी नीलगाय म्हणतं, पण तो घोडा नाही आणि गायही नाही. मात्र कूळ गाई-म्हशींचंच. खुरं दुभंगलेली, पोट चार कप्प्यांचं, आणि रवंथ अगदी आपल्या बैलासारखा. नर निळसर करडा, मादी आणि पिल्लं तांबूस. शिंगं फक्त नराला, तीही जेमतेम वीतभर. गळ्याखाली केसांचा झुपका, खुरांच्या वर पांढरे पट्टे, आणि पाठ पुढून उंच, मागे उतरत गेलेली. आणखी एक खूण तुमच्या कामाची आहे. रोह्याला ठरलेल्या जागी लेंड्या टाकायची सवय असते. तुमच्या धुऱ्याजवळ एकाच जागी मोठा ढीग दिसत असेल, तर त्यांची नेहमीची वाट तिथूनच जाते असं समजा. जागलीला कुठं बसायचं, ते त्यावरून ठरवता येतं.

रोह्यापुढून चितळांकडे गेलात की शिंगांची तुलना करा. मुलांना ही गोष्ट तुम्हीच समजावून सांगू शकाल. बैलाचं शिंग मोडलं तर रक्त येतं, कारण आत जिवंत हाड आणि वर खोळ. रोह्याचं आणि काळविटाचं शिंग तसंच, जन्मभराचं. चितळाचं आणि सांबराचं तसं नाही. त्यांची शिंगं गळून पडतात आणि नवी फुटतात. कोवळं शिंग येतं तेव्हा त्यावर मखमलीसारखी लव असते, मग ती वाळून खरवडली जाते. रानात तुम्हाला नुसतं पडलेलं फांद्यांचं शिंग सापडतं ते म्हणूनच. (ते घरी आणू नका. मेलेल्या जनावराचं नसलं तरी वन्यजीव कायद्यात ते जवळ बाळगणं गुन्हा आहे.)

रोह्याच्या त्या पहिल्या भेटीत माझ्या शेजारी एक शहरातलं कुटुंब उभं होतं. त्यांच्या मुलानं विचारलं, हे गाढव आहे का? वडिलांनाही सांगता येईना. मागून एक खेड्यातला पोरगा पुढं आला, सात-आठ वर्षांचा, आणि म्हणाला, "रोही हाये तो, आमच्या तुरीत येते." मग त्या मुलांना त्यानं रोही कसा उडी मारतो, कळपात पुढं कोण चालतं, हे सगळं सांगितलं. त्याचे वडील लांबून पाहत होते. दादा, बसभाडं त्यासाठी खर्च करा. तुमच्या पोरांना जे माहीत आहे ते ज्ञान आहे, हे त्यांना तिथं कळेल.

प्रश्न : महाराजबाग म्हणजे कोणत्या महाराजांची बाग? सहलीत मुलं विचारतात.
– एक शिक्षिका, आर्वी तालुका

उत्तर : नागपूरकर भोसल्यांची, बाई. तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले, औरस वारस नव्हता, आणि १८५४ मध्ये डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. बाग इंग्रजांच्या हातात गेली आणि १८९४ मध्ये त्यांनी तिथं प्राणिसंग्रहालय सुरू केलं. मुंबईची राणीबाग त्याहून जुनी, १८६२ ची. आपली त्यानंतर बत्तीस वर्षांनी. मुलांना आणखी एक सांगा. ही बाग आज वनखात्याकडे नाही, महापालिकेकडेही नाही. ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे, नागपूरच्या कृषी महाविद्यालयामार्फत. ज्या विद्यापीठाचं बियाणं आपण पेरतो, तेच वाघ सांभाळतं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. बागेलगत जो नाला वाहताना दिसतो ती नाग नदी आहे, हेही सांगा. नागपूरचं नाव तिच्यावरून पडलं. आजचं तिचं पाणी पाहून मुलं विश्वास ठेवणार नाहीत, पण सांगाच.

प्रश्न : आमची मुलं चार आणि नऊ वर्षांची. हिंगणघाटजवळच्या खेड्यातून सकाळी निघून एका दिवसात महाराजबाग, अजब बंगला, रामन विज्ञान केंद्र आणि दीक्षाभूमी होईल का? डबा नेऊ की बाहेर खावं?
– एक आई

उत्तर : ताई, होईल, पण मुलांना काहीच आठवणार नाही. संध्याकाळी धाकटा खांद्यावर झोपलेला असेल आणि मोठ्याला विचाराल काय पाहिलं, तर तो म्हणेल आइस्क्रीम. दोन ठिकाणं करा. महाराजबाग आणि अजब बंगला. दीक्षाभूमीला वेगळा दिवस द्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथं काय घडलं, ते आधी घरी मुलांना सांगून मग न्या.

एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना आहे. मोठ्या मुलाचं अर्धं, धाकट्याचं लागत नाही. गणेशपेठच्या स्टँडवर उतरून ऑटोनं बर्डीकडे या. बाग सीताबर्डीला लागूनच आहे. आठवड्यातून एक दिवस बाग बंद असते, तो वार निघायच्या आधी कोणाला तरी विचारून घ्या. आणि पहिल्या गाडीनं निघा. जनावरं सकाळी हिंडतात. ऊन चढलं की वाघ सावलीत आडवा होतो आणि मुलं "उठ ना, उठ ना" म्हणून ओरडत बसतात. उन्हाळ्यात तर जाऊच नका. नागपूरच्या मे महिन्यात वाघांनासुद्धा कूलर लावावे लागतात, तिथं चार वर्षांच्या पोराचं काय.

आता कुठून सुरुवात करायची. चार वर्षांच्या मुलाला आधी वाघापुढं उभं करू नका. आधी पाखरं, मोर, मग चितळ, मग वाघ. दिवाळीच्या सुमारास गेलात तर मोराला लांब पिसारा दिसणार नाही. पावसाळा सरला की त्याची पिसं गळतात आणि पुढं पुन्हा येतात. माझी नात हिरमुसली होती, "आबाजी, हा मोर नाही, लांडोर आहे." मग मी तिला गळ्याचा निळा रंग दाखवला. लांडोरीला तो नसतो. पुढचा तासभर ती प्रत्येक पाखराचा गळा पाहत होती.

सगळे पिंजरे पाहिलेच पाहिजेत असं नाही. मोठ्याला तीन जनावरं निवडू द्या आणि प्रत्येकापुढं पंधरा-वीस मिनिटं थांबा. नात आणि मी चितळापुढं थांबलो तेव्हा एक मादी बसून रवंथ करत होती. मी नातीला तिचा गळा दाखवला. आधी एक गोळा खालून वर चढताना दिसला, अगदी उंदीर धावावा तसा. मग जबडा फिरायला लागला, एकाच बाजूनं. नातीनं मोजायला सुरुवात केली. पन्नासच्या आसपास गेल्यावर जबडा थांबला, गोळा खाली गेला, क्षणभर काहीच नाही, आणि पुन्हा नवा गोळा वर. तिनं पाच वेळा मोजलं. घरी आल्यावर गोठ्यात जाऊन आमच्या गाईचंही मोजलं. गावातल्या मुलांना अशी जोड घरीच मिळते, शहरातल्यांना कुठून मिळणार?

डबा घरूनच न्या. पोळी-भाजी आणि संत्री. पण पिंजऱ्यांजवळ डबा उघडू नका, हिरवळीवर बसा, माकडांपासून लांब. माकडानं ओरबाडलं किंवा चावलं, तर लाज वाटून लपवू देऊ नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या.

आणि एक काम घरूनच करून निघा. दोन्ही मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. माझा भाचा पाच वर्षांचा असताना तिथल्या गर्दीत हात सुटून गेला. अर्धा तास आम्ही सगळे वेड्यासारखे धावत होतो. तो बिबट्याच्या पिंजऱ्यासमोर जाळी धरून शांत उभा सापडला, पण त्या अर्ध्या तासात माझ्या बहिणीचं काय झालं ते मला अजून आठवतं.

अजब बंगला तिथून लांब नाही. १८६३ मध्ये सुरू झालेलं संग्रहालय आहे ते. तिथं भुसा भरून ठेवलेले प्राणी-पक्षी आहेत. सकाळी जिवंत पाहिलेलं जनावर दुपारी काचेत उभं पाहिलं की मुलं फार खोल प्रश्न विचारतात. उत्तरं तयार ठेवा.

प्रश्न : आम्ही दरवर्षी जातो तेव्हा चितळांसाठी पोळ्या आणि मुरमुरे नेतो. माझे आजोबा न्यायचे. यंदा तिथल्या माणसानं सगळ्यांसमोर हटकलं. मुक्या जनावराला घास देणं पाप आहे का?
– एक वाचक, पुसद

उत्तर : पाप नाही, पण त्या माणसानं बरोबर केलं.

एका गावातली गोष्ट सांगतो. रात्री बैलाचं दावं सुटलं आणि तो खळ्यात ज्वारीच्या राशीवर गेला. पोटभर खाल्ली. सकाळी मला बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा तो उभा होता, पण पाय लटपटत होते. डोळे आत गेलेले. दात करकर वाजवत होता. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, मूठ दाबली तर आत पाण्याची घागर हिंदकळावी तसं लागलं. शेण पातळ, आंबट वासाचं. जे जमलं ते केलं. दुपारी बैल आडवा झाला आणि उठला नाही. घरधनी मला म्हणत होता, "साहेब, दाणाच तर खाल्ला, जहर थोडीच खाल्लं!" त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

जनावराच्या पहिल्या पोटात कडबा-गवत कुजवणारे सूक्ष्म जीव असतात. एकदम धान्य किंवा पीठ पडलं की तिथं आम्ल तयार होतं, ते जीव मरतात, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. चितळाचं पोट त्याच घडणीचं आहे, फक्त बैलाच्या मानानं फार लहान. तुमच्या दोन पोळ्यांनी काही होणार नाही, पण रविवारी तुमच्यासारखे दयाळू शेकडो येतात. त्यातला कोणी पोळी कॅरीबॅगसकट टाकतो. गाईच्या पोटातून काढलेल्या प्लास्टिकचा गोळा मी हातात धरलेला आहे, चिखलानं भरलेल्या पोत्यासारखा जड. प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांना खाऊ घालणं, डिवचणं, खडे मारणं याला वन्यजीव संरक्षण कायद्यातच बंदी आहे, ती याचसाठी.

आजोबांची भूतदया मोडू नका. उन्हाळ्यात अंगणात पाखरांसाठी पाण्याचं भांडं ठेवा, रोज धुऊन.

प्रश्न : वय ७६. सरपणाला आणि तेंदूपत्त्याला जंगलात जिंदगी गेली. वाघाची डरकाळी ऐकली, पंजा पाहिला, वाघ काही पाहिला नाही. डोळे मिटायच्या आधी एकदा पाहायचा आहे. गुडघे चालत नाहीत. (हे पत्र नातवानं लिहिलं आहे.)
– एक आजी, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : बाई, तुम्ही जाच. पंचाहत्तरीपुढे एसटीला तिकीट नाही, फक्त आधारकार्ड जवळ ठेवा. चालवत नसेल तर नागपूरलाच गोरेवाड्याला न्यायला सांगा. २६ जानेवारी २०२१ ला तिथं सफारी सुरू झाली. गाडीत बसूनच वाघ, बिबट आणि अस्वल मोकळ्या आवारात पाहता येतात. नातवानं आधी बुकिंग करावं. पण तिथं गाडी पुढं निघून जाते, वाघ झाडाआड असला तर राहून जाईल. महाराजबाग लहान आहे, वाघापुढं बसून राहता येतं, नातवाच्या हाताला धरून तेवढं चालणं होईल. मी तुमच्या जागी असतो तर महाराजबागेत गेलो असतो.

वाघ पाठमोरा असला तर कानांच्या मागं पाहा, काळ्यावर पांढरा ठिपका असतो. जंगलात गवतातून पुढं जाताना तेवढंच दिसतं असं जुने लोक सांगायचे. तुम्ही ते कधी पाहिलं असेल आणि पाखरू समजून पुढं गेल्या असाल, कोणास ठाऊक.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. सहलीत आम्ही एका प्राणिसंग्रहालयात गेलो. तिथं वाघ सारखा एकाच रेषेत फेऱ्या मारत होता. मला रडू आलं. सर म्हणाले, त्याला भूक लागली आहे. खरं काय? आणि प्राण्यांना असं कोंडणं चूक नाही का?
– एक विद्यार्थिनी, अर्जुनी मोरगाव

उत्तर : बेटा, तुला रडू आलं, कारण तू नीट पाहिलंस. सरांचं उत्तर चूक असेलच असं नाही. मांस यायच्या वेळेला वाघ-बिबट फेऱ्या मारतातच. बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत त्यांना आठवड्यातून एक दिवस उपासही असतो, कारण जंगलात त्यांना रोज शिकार मिळत नाही. पण भुकेची फेरी ओळखता येते. तेव्हा कान पुढं असतात, नजर रखवालदाराच्या दाराकडे असते, खट वाजलं की वाघ थांबतो. तू लिहितेस तशी एकाच रेषेत, त्याच जागी वळणारी, पाऊल त्याच फरशीवर पडणारी आणि कुठंच न पाहणारी फेरी वेगळी. गोठ्यात दिवसचे दिवस खुंट्याला बांधलेला बैल डुलायला लागतो, ते तू पाहिलं असशील. तीच गोष्ट. ज्याच्या अंगात मैलोनमैल चालायची ताकद आहे त्याला करायला काहीच उरलं नाही, म्हणजे असं होतं.

जुनी प्राणिसंग्रहालयं माणसाला जनावर जवळून दिसावं म्हणून बांधली गेली. जनावराला काय लागतं हा विचार फार उशिरा आला. आपल्या देशात त्यासाठी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं ते १९९२ मध्ये. आता जागा किती हवी, पशुवैद्य हवा, हे नियमात आहे. चांगल्या ठिकाणी वाघाला पाण्याचा हौद, नखं घासायला ओंडके, शोधून खावं असं लपवलेलं मांस देतात. तरी मला विचारशील तर शहराच्या मध्यावर, एवढ्याशा जागेत वाघ ठेवणं मला पटत नाही. चितळ, पाखरं, कासवं ठेवावीत. मोठ्या जनावरांना मोठी जागा द्यावी.

पण "सोडून द्या" हेही उत्तर नाही. आई मेलेला वाघाचा बछडा शिकार शिकलेला नसतो. त्याला सोडलं तर तो उपाशी मरेल, नाहीतर तुमच्या गावात शिरेल. पाय मोडलेला बिबट, म्हातारं अस्वल, यांना जंगल पुन्हा घेत नाही. त्यांची कुठंतरी सोय करावीच लागते.

तुला माझं एक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका गावात विहिरीत बिबट पडला होता. मी दुसऱ्याच कामाला तिथं गेलो होतो. काठावर दोन-तीनशे माणसं, आरडाओरडा, आणि वरून दगड. खाली तो मोटारीच्या पाइपाला पुढच्या दोन्ही पायांनी धरून लोंबकळत होता. कान डोक्याला चिकटलेले, दात उघडे. मलाही तो राक्षस वाटला. वनखात्याच्या लोकांनी दोराला बांधून बाज (खाट) खाली सोडली. ती पाण्याला टेकली आणि तो तिच्यावर चढला. चढला आणि थरथरत बसला. पावसात भिजलेलं वासरू बसतं तसा. वरचा आवाज एकदम बंद झाला. पुढं पिंजरा लावून त्याला काढलं, जंगलात नेलं.

त्यानंतर महिन्याभरात मी मुद्दाम महाराजबागेत जाऊन बिबट पाहिला. तासभर पाहिला. आपल्या भागात बिबट दिसतो तो घाबरलेला किंवा घाबरवणारा. तो चाटून पंजा कसा साफ करतो, जांभई देताना जीभ कशी वळते, झोपेत शेपटीचं टोक कसं हलतं, हे मला त्या जाळीपाशीच कळलं. ताडोब्याची जिप्सी आपल्यासारख्यांना परवडत नाही. म्हणून ही बाग राहावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती आतल्या जनावरांसाठी आणखी चांगली व्हावी असंही वाटतं.

तुमच्याकडे मोहफुलं वेचायला जाताना अस्वलाची भीती असते ना? महाराजबागेत गेलीस तर अस्वलापुढं थांब. त्याला वरचे पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते उधई (वाळवी) ओढून घेतं, नाकपुड्या बंद करून. खाताना मोठा आवाज येतो. तो आवाज कसा असतो, ते मला लिहून कळव. पुढच्या अंकात छापू.